शेवटची जागा कोणाला? जागावाटपाच्या एका मोफत गणकाचे परीक्षण

विधिमंडळाच्या जागा लोकसंख्येच्या प्रमाणात वाटाव्यात हे तत्त्व बहुतेकांना मान्य असते. घोडे अडते ते भागाकारापाशी. समजा, तीन प्रांतांची लोकसंख्या अनुक्रमे ६,२४,०००, २,२६,००० आणि १,५०,००० आहे आणि सभागृहात एकूण १० जागा आहेत. एका जागेमागे सरासरी १,००,००० माणसे येतात आणि प्रांतांचे हिस्से ६.२४, २.२६ आणि १.५० असे निघतात. सव्वादोन प्रतिनिधी कोणालाच निवडून देता येत नाहीत. त्यामुळे काही अपूर्णांक वर न्यावे लागतात, काही सोडून द्यावे लागतात, आणि ते कोणत्या नियमाने करायचे यावर सव्वादोनशेहून अधिक वर्षे वाद चालू आहे. हे वाद प्रत्यक्ष आकडे घालून तपासता यावेत यासाठी इंटरनेटवर मोफत मिळणारे एक जागावाटप-गणक मी वापरून पाहिले. ते अजून चाचणीच्या अवस्थेत असल्याचे त्याच्या कर्त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे, म्हणून येथे त्याचे नाव न घेता गुणदोषांपुरतेच लिहितो. त्यांतले बहुतेक गुणदोष याच जातीच्या इतर साधनांनाही लागू पडतील.

गणकाची मांडणी साधी आहे. एका रकान्यात प्रदेशांची नावे व दुसऱ्यात लोकसंख्या भरायची, वरच्या चौकटीत एकूण जागा आणि प्रत्येक प्रदेशाला द्यायच्या किमान जागा लिहायच्या, आणि यादीतून पद्धत निवडायची. स्प्रेडशीटमधला तक्ता जसाच्या तसा चिकटवता येतो. नोंदणी करावी लागत नाही आणि उत्तर क्षणात मिळते. मोबाइलच्या पडद्यावर मात्र निकालाचा तक्ता कडेला कापला जातो, त्यामुळे संगणकावरच वापरावे हे बरे.

याचा सर्वांत मोठा गुण असा की ‘सर्व पद्धती’ हा पर्याय घेतल्यास पाच पद्धतींचे निकाल शेजारीशेजारी दिसतात आणि ज्या प्रदेशांच्या बाबतीत त्यांचे एकमत होत नाही त्या ओळी वेगळ्या रंगात येतात. वरचे तीन प्रांत भरल्यावर जेफरसन पद्धत ७, २, १ असे वाटप देते, तर उरलेल्या चारही पद्धती ६, २, २ असे देतात (पाचही पद्धतींचे नियम पुढे येतील). म्हणजे सर्वांत मोठ्या प्रांताला हिश्शापेक्षा पाऊण जागा अधिक द्यायची, की सर्वांत लहान प्रांताला अर्धी जागा अधिक द्यायची, हा खरा प्रश्न आहे, आणि तो एकाच नजरेत समोर येतो. एकच उत्तर छापून मोकळी होणारी साधने हा प्रश्न दडवतात.

निकालाखालची ‘कृती दाखवा’ ही कळही चांगली जमली आहे. जेफरसन, अ‍ॅडम्स, वेबस्टर आणि हंटिंग्टन-हिल या चारही भाजक-पद्धती आहेत: लोकसंख्येला एका समान भाजकाने भागायचे, येणारे भागाकार ठरलेल्या नियमाने पूर्णांकात आणायचे, आणि बेरीज सभागृहाइतकी नेमकी जुळेपर्यंत भाजक कमीजास्त करायचा. जेफरसनच्या नियमात अपूर्णांक सरसकट सोडून देतात, अ‍ॅडम्सच्या नियमात सरसकट वर नेतात, वेबस्टरच्या नियमात निम्म्याची सीमा धरतात, आणि हंटिंग्टन-हिलमध्ये ही सीमा दोन लगतच्या पूर्णांकांच्या भूमितीमध्यावर, म्हणजे त्यांच्या गुणाकाराच्या वर्गमुळावर असते, म्हणजे १ आणि २ यांच्यामध्ये ती सुमारे १.४१ वर, ३ आणि ४ यांच्यामध्ये सुमारे ३.४६ वर, आणि आकडे मोठे होत जातील तशी निम्म्याच्या जवळ सरकत जाते. गणकात भाजकासाठी एक सरकपट्टी दिली आहे. ती ८०,००० वर आणली की वरच्या उदाहरणात ७.८, २.८२५ आणि १.८७५ हे भागाकार दिसतात, आणि जेफरसनला ७, २, १ कसे मिळाले ते वेगळे समजावून सांगावे लागत नाही. पाचवी, हॅमिल्टनची पद्धत भाजक शोधत बसत नाही. ती प्रत्येकाला हिश्शातला पूर्णांक देते आणि उरलेल्या जागा सर्वांत मोठ्या शेषांना क्रमाने वाटते. समजायला सर्वांत सोपी हीच, आणि वापरताना सर्वांत दगा देणारीही हीच.

गणकासोबत काही ऐतिहासिक तक्ते नमुन्यादाखल भरून ठेवले आहेत. त्यांतला पहिला अमेरिकेच्या १७९० च्या जनगणनेचा आहे आणि साधनाची विश्वासार्हता तपासायला तो उत्तम आहे, कारण त्याची उत्तरे इतिहासात नोंदलेली आहेत. त्या वेळी काँग्रेसने, म्हणजे तेथील संसदेने, अर्थमंत्री अलेक्झांडर हॅमिल्टन यांच्या विचाराने प्रतिनिधिगृहाच्या १२० जागांचे विधेयक मंजूर केले. राज्यघटनेने दर ३०,००० माणसांमागे एकाहून अधिक प्रतिनिधी देण्यास मनाई केली होती, आणि या विधेयकात आठ राज्यांच्या बाबतीत ती मर्यादा ओलांडली जात होती. राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टन यांनी ५ एप्रिल १७९२ रोजी ते परत पाठवले. अमेरिकेच्या इतिहासातला हा पहिला नकाराधिकार. त्यानंतर परराष्ट्रमंत्री थॉमस जेफरसन यांच्या पद्धतीने, ३३,००० चा भाजक धरून, १०५ जागा वाटल्या गेल्या. गणकात १०५ जागा घातल्या की जेफरसनच्या रकान्यात व्हर्जिनियाला १९ आणि डेलावेअरला १ जागा दिसते, तर हॅमिल्टनच्या रकान्यात तेच आकडे १८ आणि २ होतात. जेफरसन आणि वॉशिंग्टन दोघेही व्हर्जिनियाचे होते, हे येथे आठवल्याशिवाय राहत नाही.

मोठ्या राज्यांकडे झुकण्याची जेफरसन पद्धतीची ही खोड पुढे इतकी वाढली की १८३० च्या जनगणनेनंतर न्यूयॉर्कचा हिस्सा ३८.५९ असताना त्याला ४० जागा मिळाल्या. हिस्सा ३८ आणि ३९ यांच्यामध्ये असलेल्या राज्याला ४० जागा देणे म्हणजे अपूर्णांक कोणत्याही बाजूला नेला तरी न पटणारी गोष्ट. गणक अशा ठिकाणी आकडा लाल करते आणि ‘हिश्शाची मर्यादा मोडली’ अशी सूचना दाखवते. याच अनुभवातून डॅनिएल वेबस्टर आणि जॉन क्विन्सी अ‍ॅडम्स यांनी आपापल्या पद्धती पुढे आणल्या. अ‍ॅडम्सची पद्धत जेफरसनच्या उलट टोकाला, लहान राज्यांकडे झुकते. अमेरिकेच्या काँग्रेसने ती कधीच स्वीकारली नाही. वेबस्टरची पद्धत मात्र १८४० च्या जनगणनेनंतर वापरली गेली.

माझा सर्वांत अधिक वेळ गेला तो १८८० च्या तक्त्यावर, आणि केवळ त्यासाठीही हे साधन उघडून पाहावे असे मी म्हणेन. एकूण जागांच्या चौकटीलाही सरकपट्टी जोडलेली आहे. तेव्हा हॅमिल्टनची पद्धत प्रचलित होती. २९९ जागांवर अलाबामाचा हिस्सा ७.६४६ येतो, टेक्ससचा ९.६४० आणि इलिनॉयचा १८.६४०, अलाबामाचा शेष या दोघांहून किंचित मोठा असल्याने उरलेल्या जागांतली शेवटची जागा त्याला मिळते आणि त्याच्या एकूण जागा ८ होतात. आता पट्टी एका घराने पुढे सरकवून ३०० करायची. तिन्ही हिस्से वाढतात, पण मोठ्या राज्याचा हिस्सा अधिक वाढतो: अलाबामा ७.६७१, टेक्सस ९.६७२, इलिनॉय १८.७०२. शेषांचा क्रम उलटतो, टेक्सस आणि इलिनॉय या दोघांना एकेक जागा मिळते, आणि सभागृह मोठे झालेले असताना अलाबामा ८ वरून ७ वर येतो. जनगणना कार्यालयातील मुख्य लिपिक सी. डब्ल्यू. सीटन यांनी २७५ ते ३५० जागांपर्यंतची गणिते हाताने मांडताना ही विसंगती पकडली, आणि ती पुढे अलाबामा विरोधाभास म्हणून ओळखली जाऊ लागली. पट्टी मागेपुढे करताना तो आकडा ८ वरून ७ वर पडताना पाहणे आणि त्याविषयी नुसते वाचणे यांत मोठे अंतर आहे. हीच पट्टी भाजक-पद्धतींच्या रकान्यांवर चालवली तर जागा वाढवल्यामुळे कोणाचीही जागा कधी कमी होत नाही, हेही लगेच पडताळून पाहता येते.

हॅमिल्टन पद्धतीचा दुसरा दगा १९०७ मध्ये दिसला. ओक्लाहोमा नवे राज्य म्हणून संघात आले आणि त्याच्या लोकसंख्येला साजेशा ५ जागा त्याला देऊन सभागृह ३८६ वरून ३९१ चे केले गेले. जुन्या राज्यांच्या वाट्याशी याचा काही संबंध नसायला हवा; पण जुन्याच लोकसंख्येवर हॅमिल्टनच्या पद्धतीने पुन्हा गणित केले तर न्यूयॉर्क ३८ वरून ३७ वर येतो आणि मेन ३ वरून ४ वर जातो. हा प्रयोग करण्यासाठी गणकात एखादी ओळ तात्पुरती बाजूला ठेवण्याची सोय हवी होती. ती नाही, ओळ पुसावी लागते आणि नंतर पुन्हा भरावी लागते. ही त्रुटी किरकोळ वाटेल, पण दोन परिस्थितींची तुलना हाच या विषयाचा गाभा आहे आणि गणक एका वेळी एकच परिस्थिती लक्षात ठेवते. लाल रंगाची सूचना हिश्शाची मर्यादा मोडल्याचे सांगते. विरोधाभासाची सूचना मात्र ते देऊ शकत नाही, कारण त्यासाठी आधीचे आणि नंतरचे असे दोन निकाल हवेत. परिणामी नवखा वापरकर्ता असे समजेल की हॅमिल्टनच्या रकान्यात कधीच लाल रंग येत नाही, तेव्हा तीच पद्धत निर्दोष. मिशेल बालिन्स्की आणि एच. पेटन यंग या गणितज्ञांनी १९८२ मध्ये मांडलेला निष्कर्ष साहाय्य-पानावर यायला हवा होता: हिश्शाची मर्यादा कधीही न मोडणारी आणि त्याचबरोबर लोकसंख्येच्या विरोधाभासापासून, म्हणजे अधिक वेगाने वाढणाऱ्या प्रदेशाची जागा कमी वेगाने वाढणाऱ्याकडे जाण्यापासून, पूर्णपणे मुक्त असलेली पद्धत असूच शकत नाही. दोन्हींपैकी एक दोष पत्करावाच लागतो. त्यांचा स्वतःचा कल वेबस्टरकडे होता, कारण ती लहानमोठ्यांत पक्षपात करत नाही आणि हिश्शाची मर्यादा क्वचितच मोडते. माझाही कल तिकडेच आहे.

गणकाविषयीचा माझा मुख्य आक्षेप येथूनच सुरू होतो. पान उघडताच पद्धतींच्या यादीत हंटिंग्टन-हिल आधीच निवडलेली असते आणि तिच्यापुढे ‘शिफारस केलेली’ असे लिहिलेले असते. तिचा आधार उघड आहे: अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहासाठी १९४१ च्या कायद्याने हीच पद्धत लागू झाली आणि आजही तीच चालते, तेथील राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या समित्यांनी १९२९ आणि १९४८ मध्ये तिच्या बाजूने कौल दिला होता. पण ती निवडली गेली कशी, हे १९४० च्या तक्त्यावरून पाहण्यासारखे आहे. त्या वर्षी वेबस्टर आणि हंटिंग्टन-हिल यांच्यात फरक पडत होता तो एकाच जागेचा. मिशिगनची लोकसंख्या ५२,५६,१०६ आणि अर्कान्ससची १९,४९,३८७. वेबस्टरच्या नियमाने मिशिगनच्या अठराव्या जागेसाठी लोकसंख्येला १७.५ ने भागले की ३,००,३४९ येतात, आणि अर्कान्ससच्या सातव्या जागेसाठी ६.५ ने भागले की २,९९,९०६, जागा मिशिगनला. हंटिंग्टन-हिलच्या नियमात भाजक सुमारे १७.४९ आणि ६.४८ होतात, भागाकार अनुक्रमे ३,००,४७२ आणि ३,००,७९७ येतात, आणि तीच जागा अर्कान्ससला जाते. अर्कान्सस हा त्या काळी डेमोक्रॅटिक पक्षाचा हुकमी प्रदेश होता आणि काँग्रेसमध्ये बहुमतही त्याच पक्षाचे होते.

यात कोणी गणित चुकवले असे नाही. दोन्ही पद्धती विषमता कमीत कमी ठेवतात. फक्त ती मोजण्याच्या त्यांच्या पट्ट्या वेगळ्या आहेत. मिशिगनला १७ आणि अर्कान्ससला ७ जागा दिल्या तर मतदारसंघाची सरासरी लोकसंख्या अनुक्रमे ३,०९,१८३ आणि २,७८,४८४ होते, म्हणजे एक दुसऱ्याहून सुमारे ११.०२ टक्क्यांनी मोठा. १८ आणि ६ दिल्या तर हा फरक सुमारे ११.२६ टक्के होतो. टक्केवारीने मोजणारा म्हणून हंटिंग्टन-हिलच्या वाटपाला पसंती देईल. पण दर दहा लाख लोकांमागे किती प्रतिनिधी मिळाले यातले अंतर सरळ वजाबाकीने मोजले तर पहिल्या वाटपात ते सुमारे ०.३५७ आणि दुसऱ्यात सुमारे ०.३४७ येते, आणि तेव्हा वेबस्टरचे वाटप सरस ठरते. गणक हे दोन्ही आकडे ‘विषमता’ या विभागात दाखवते, त्याबद्दल त्याच्या कर्त्यांचे कौतुक करायला हवे. मग इतके सगळे दाखवणाऱ्या साधनाने एका पद्धतीवर आधीच शिक्का का मारून ठेवावा? १९९२ मध्ये मोंटाना राज्याने आपली दुसरी जागा गेल्याबद्दल केलेला दावा फेटाळताना अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानेही, अमुक पद्धतच न्याय्य आहे असे न म्हणता, निवडीचा अधिकार काँग्रेसचा आहे एवढेच मानले. आधीच निवडलेला पर्याय बहुतेक लोक बदलत नाहीत. गणकाने यादी रिकामी ठेवावी आणि वापरकर्त्याला निवड करायला लावावी, हे उत्तम.

यादीविषयी आणखी एक तक्रार. तीत आठ नावे आहेत, पण गणिते पाचच. युरोपात पक्षांना मतांच्या प्रमाणात जागा देण्यासाठी वापरली जाणारी द’ऑन्ट पद्धत म्हणजे जेफरसनचीच पद्धत, सेंत-लागू म्हणजे वेबस्टरची, आणि हेअर-निमायर म्हणजे हॅमिल्टनची. जर्मनीच्या संसदेने, बुंडेस्टागने, या तिन्ही वेगवेगळ्या काळात वापरल्या आणि २००९ पासून तेथे सेंत-लागू आहे. दोन्ही परंपरांतल्या वाचकांना आपापली नावे ओळखता यावीत हा हेतू समजण्यासारखा आहे. पण ती एकाच ओळीत जोडून द्यायला हवी होती. आज ‘आठपैकी पाच पद्धती हेच उत्तर देतात’ असा चुकीचा निष्कर्ष या यादीवरून कोणी काढला तर त्याला दोष देता येणार नाही.

आता दोन गंभीर त्रुटी. पहिली बरोबरीची. दोन प्रदेशांची लोकसंख्या अगदी समान ठेवून विषम संख्येत जागा वाटायला सांगितल्या तर गणक शेवटची जागा तक्त्यात वर असलेल्या प्रदेशाला देऊन टाकते आणि त्याविषयी अवाक्षर काढत नाही. ओळींची अदलाबदल केली की उत्तरही बदलते. मोठ्या देशाच्या जनगणनेत तंतोतंत बरोबरी जवळजवळ कधीच होणार नाही हे खरे. परंतु लहान संस्थांच्या निवडणुकांत किंवा वर्गात दिलेल्या गोल आकड्यांच्या उदाहरणांत ती सहज होते, आणि अशा वेळी निर्णय चिठ्ठी टाकून करायचा की अन्य नियमाने, हे गणकाने वापरकर्त्याला विचारलेच पाहिजे.

दुसरी त्रुटी आकडे दाखवण्याची आहे. प्रत्येक निकालासोबत ‘शेवटच्या जागा’ नावाची एक यादी येते: कोणाला शेवटच्या काही जागा मिळाल्या आणि कोणाच्या थोडक्यात हुकल्या. माझ्या मते साऱ्या गणकातला सर्वांत मोलाचा भाग हाच. पण तीत प्राधान्याचे भागाकार (ज्यांच्या उतरत्या क्रमाने जागा वाटल्या जातात ते) हजारांत पूर्ण करून दिले आहेत. २०२० च्या तक्त्यावर ४३५ वी जागा मिनेसोटाला आणि पुढची, न मिळालेली, न्यूयॉर्कला, असा क्रम दिसतो. दोघांपुढे मात्र ७६३ हजार हाच आकडा! मिनेसोटाची वाटपासाठीची लोकसंख्या ५७,०९,७५२ आहे. आठव्या जागेसाठी ७ × ८ म्हणजे ५६ च्या वर्गमुळाने भागल्यावर सुमारे ७,६२,९९८ येतात. न्यूयॉर्कची २,०२,१५,७५१, सत्ताविसाव्या जागेसाठी २६ × २७ म्हणजे ७०२ च्या वर्गमुळाने भागल्यावर सुमारे ७,६२,९९४. या चारच्या आसपासच्या फरकाचा अर्थ असा की न्यूयॉर्कमध्ये आणखी ८९ माणसे मोजली गेली असती आणि बाकी सर्व आकडे तसेच राहिले असते, तर ती जागा त्याला मिळाली असती. वेबस्टरचे भाजक लावले तर या दोघांचा आपसातला क्रम उलटतो: न्यूयॉर्क सुमारे ७,६२,८५९ आणि मिनेसोटा सुमारे ७,६१,३००. पूर्ण आकडे फाइल उतरवून घेतल्यावर मिळतात, पण ते पडद्यावरच हवेत. जेथे दोन कोटींच्या राज्याची जागा शंभराहून कमी माणसांवर ठरते, तेथे हजारांत आकडे देणे म्हणजे सोनाराने धान्याच्या काट्यावर तोळा मोजण्यासारखे आहे.

किमान जागांच्या बाबतीत गणक सर्वांना एकच आकडा लावते. अमेरिकेपुरते ते पुरेसे आहे, कारण तेथे प्रत्येक राज्याला किमान एक जागा असते. आणि सभागृह ४३५ वर बांधलेले असल्यामुळे डेलावेअरच्या ९,९०,८३७ लोकांना एक प्रतिनिधी आणि मोंटानाच्या १०,८५,४०७ लोकांना दोन, असे चित्रही त्याच चौकटीत दिसते. कॅनडात मात्र प्रत्येक प्रांताची किमान मर्यादा वेगळी आहे. कोणत्याही प्रांताला त्याच्या सिनेट सदस्यांहून कमी खासदार देता येत नाहीत, आणि प्रिन्स एडवर्ड बेटाच्या ४ जागा याच नियमावर टिकून आहेत. ऑस्ट्रेलियात तर एकूण जागाच आधी नक्की नसतात: लोकसंख्येला सिनेट सदस्यांच्या दुपटीने भागून कोटा काढतात, प्रत्येक राज्याचा भागाकार निम्म्याच्या नियमाने पूर्ण करतात, मूळ राज्यांना किमान ५ जागा देतात, आणि बेरीज जी येईल ती. एकूण जागांची चौकट रिकामी ठेवली की गणक पुढे जातच नाही, त्यामुळे ही पद्धत त्यात बसवता येत नाही. युरोपीय संसदेचे वाटपही बसत नाही, कारण तेथे मोठ्या देशांना जाणूनबुजून प्रमाणापेक्षा कमी आणि लहानांना अधिक जागा दिल्या जातात. कमीत कमी ६ आणि जास्तीत जास्त ९६ या मर्यादांमुळे माल्टा आणि जर्मनी ही दोन टोके ठरतात. कमाल जागांसाठी गणकात चौकटच नाही. प्रदेश आणि पक्ष या दोन्ही बाजूंनी एकाच वेळी प्रमाण राखणारी, झ्युरिकमध्ये २००६ पासून वापरात असलेली दुहेरी पद्धतही त्यात नाही. पण तिची अपेक्षा एका मोफत साधनाकडून करणे जरा जास्तच होईल.

साहाय्य-पानावर सुरुवातीलाच एक वाक्य आहे की हे गणक ‘न्याय्य वाटप’ काढून देते. हा दावा मला मान्य नाही. गणक अपूर्णांकांचा निवाडा करते. कोणती लोकसंख्या भरायची, ती कोणत्या वर्षाची आणि कोणाकोणाला मोजून, हे त्याच्या आवाक्याबाहेर आहे, आणि सर्वांत मोठे अन्याय-न्याय तेथेच घडतात. अमेरिकेत १९२० च्या जनगणनेनंतर शहरांकडे सरकणारे जागांचे पारडे ग्रामीण राज्यांच्या प्रतिनिधींना रुचले नाही आणि त्या जनगणनेवर आधारित फेरवाटप झालेच नाही. २०२० च्या अमेरिकी आकड्यांत परदेशी असलेले लष्करी आणि संघराज्याचे कर्मचारी आपापल्या राज्यात धरलेले आहेत, हा निर्णयही गणिताचा नव्हे. भारतात १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने लोकसभेच्या जागांचे राज्यांतील वाटप १९७१ च्या जनगणनेवर गोठवले, आणि २००१ च्या ८४ व्या दुरुस्तीने ती मुदत २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत वाढवली. लोकसंख्येला आळा घालणाऱ्या राज्यांनी त्यापायी जागा गमावू नयेत, हे त्यामागचे कारण. परिणाम असा की २०११ च्या जनगणनेनुसार उत्तर प्रदेशात एका खासदारामागे सुमारे २५ लाख, राजस्थानात सुमारे २७.४ लाख, तर केरळमध्ये सुमारे १६.७ लाख लोक येतात. या तक्त्यात १९७१ चे आकडे भरा किंवा २०११ चे, गणक दोन्ही वेळा तितक्याच तत्परतेने आणि तितक्याच अचूकपणे उत्तर देईल. राज्याला मिळालेल्या जागांच्या सीमा राज्यात कशा आखल्या जातात, हा तर त्यापुढचा वेगळाच विषय.

हे साधन मी राज्यशास्त्र किंवा गणित शिकवणाऱ्यांना, मतदारसंघ पुनर्रचनेवर लिहिणाऱ्या पत्रकारांना आणि स्वतः आकडे मांडून पाहण्याची आवड असणाऱ्यांना निःसंकोच सुचवेन. ज्यांना एखाद्या संस्थेच्या प्रत्यक्ष जागा वाटायच्या आहेत त्यांनी बरोबरीची त्रुटी दूर होईपर्यंत केवळ यावर विसंबू नये. फाइल उतरवून शेवटच्या दोनचार जागांचे भागाकार हाताने तपासावेत. पाचपैकी गुण द्यायचे झाल्यास मी याला ३.४८ देईन. अभिप्रायाच्या चौकटीत पूर्ण तारेच नोंदवता येतात, म्हणून वेबस्टरच्या नियमाने मी तीन नोंदवले आहेत. गणकाच्या ‘शिफारस केलेल्या’ पद्धतीने ते चार झाले असते.